कारणाचा रकाना

दुर्गाबाईला ताप भरला होता, पण तिनं तो कुणाला सांगितला नव्हता. उघडकीला आला तो बाटल्यांमुळे. टेबलावर समोर आलेली बाटली उजेडाकडे धरायची, तडा किंवा बुडबुडा दिसला तर फुटक्या काचेच्या टोपलीत टाकायची, चांगली असली तर खोक्यात भरायची, एवढंच तिचं काम. त्या दिवशी तिनं तीन तडकलेल्या बाटल्या एकापाठोपाठ एक खोक्यात भरल्या. शेजारी बसणाऱ्या पुतळाबाईनं त्या तिन्ही उचलून टोपलीत टाकल्या आणि दुर्गाबाईच्या मनगटाला हात लावला.

"भाजतीया की ग. कधीपासनं?"

"सकाळपासनं, मावशी. आज उतरंल."

"मागल्या म्हयन्यात बी आसंच म्हनलीस."

सन सत्तावन्नचा उन्हाळा होता. चिंचवड स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर हा औषधाच्या बाटल्यांचा कारखाना. भट्टीवर पुरुष, आणि भट्टीतून निघून थंड होत आलेला माल निवडायला सतरा बाया. त्यांची शेड पत्र्याची. भट्टीची धग एका अंगानं आणि उन्हाची वरून. दुर्गाबाई मूळची पारनेरकडची. नवरा ज्योतीराम देहूरोडच्या लष्करी डेपोत हमालीला लागला, म्हणून दोन वर्षांपूर्वी दोघं इकडं आली आणि चिंचवड गावात एक खोली घेऊन राहिली. ती चौथीपर्यंत शिकली होती, पण कारखान्यात हे कुणाला सांगायचं कारण पडलं नव्हतं.

पुतळाबाई आकुर्डीची. पंचेचाळिशीची, काटक, विधवा. रोज सकाळी वावरांतून पायवाट तुडवत यायची, तशीच संध्याकाळी जायची. अक्षराची ओळख नव्हती. कमी बोलायची, पण जे बोलायची ते तोंडावर, त्यामुळे बाकीच्या बाया तिला थोड्या बिचकून असत.

त्या संध्याकाळी पुतळाबाई आकुर्डीची वाट सोडून दुर्गाबाईला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टर मंगळवारीच यायचे. इतर दिवशी सुमनताई नावाची नर्स सगळं बघायची. तिनं ताप पाहिला, पोट दाबून पाहिलं, कमरेवर मागून हलकेच मूठ मारली तशी दुर्गाबाई कळवळली.

"लघवीला आग होते?"

दुर्गाबाईनं मान खाली घातली. मग होकाराची हलवली.

"दिवसाला पाणी किती पितेस?"

"सकाळी निघताना पिते. मग घरी गेल्यावर."

सुमनताईला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मधे नऊ तास काहीच नाही? भट्टीशेजारी बसून?"

"पाणी पिलं तर जावं लागतं, बाई," दुर्गाबाई पुटपुटली. "आणि जायला जागा नाही."

ते खरंच होतं. पूर्वी कारखान्यामागं बाभळीची दाट रांग होती. बाया दोघीदोघी मिळून तिकडं जायच्या. पाच वर्षांपूर्वी ती जमीन नव्या कारखान्यासाठी कुणी घेतली, बाभळी तोडल्या, काटेरी तार ठोकली. आता आडोसा म्हणजे रुळांपलीकडचा ओढा. जाऊन यायला अर्धा तास. त्यासाठी फाटकातून बाहेर पडायला चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठी देणारा टाइमकीपर अर्जुनराव वहीत नाव, वेळ आणि कारण लिहून घ्यायचा. त्या कारणाच्या रकान्यापुढं बायांची जीभ अडायची. मग सोपा उपाय एकच, पाणी प्यायचं नाही.

सुमनताईनं सल्फाच्या गोळ्या दिल्या. म्हणाली, "गोळ्यांनी ताप जाईल. पण अशीच कोरडी बसलीस तर पुन्हा येईल, आणि एक दिवस मूत्रपिंड कायमचं बिघडेल. माझ्याकडं याच्यावर दुसरं औषध नाही. पाणी हेच औषध."

पुतळाबाई इतका वेळ दाराशी उभी होती. तिनं विचारलं, "ताई, ही आग, ह्यो ताप, ह्ये समद्यांनाच व्हतं का पानी न्हाई पिलं की?"

"सगळ्यांना नाही. पण बऱ्याच जणींना."

"मग आमच्या शेडमधल्या लई जनींना आसंल," पुतळाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या. पुतळाबाई मधे उभी राहिली आणि साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली, "मला चार वर्सांपासनं लघवीला जळजळ हाय. गेल्या पावसाळ्यात दोनदा रगात पडलं. मी कुनाला सांगितलं न्हाई. आज सांगते. आनखी कुनाला हाय?"

कुणी खोकलं, कुणी पदर तोंडाला लावला. दुर्गाबाईला तर जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं, कारण आपलं नाव निघणार ही भीती. पुतळाबाईनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नुसती उभी राहिली. मग कोपऱ्यातून गवराबाई, सगळ्यांत वयस्कर, म्हणाली, "मला बी हाय." मग तानाबाई. मग एकेक करून हात वर आले, दुर्गाबाईचाही. सतराजणींत अकरा. तानाबाई रडायला लागली. तिला वाटत होतं आपल्यालाच काही घाणेरडा रोग लागला आहे, आणि म्हणून तिनं सहा महिने नवऱ्यापासून लपवलं होतं.

मॅनेजर उद्धवराव वाईट माणूस नव्हते, पण शेठच्या आणि मालाच्या मधे सापडलेले. पुतळाबाई त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली. बायांसाठी चार भिंती बांधून द्या म्हणाली. उद्धवराव अवघडले, कागद चाळू लागले. "हा कारखाना आहे, बाई. धर्मशाळा नाही. आणि असल्या गोष्टी ऑफिसात बोलायच्या असतात का?"

"मग कुटं बोलायच्या, सायेब?"

त्यांनी दाराकडं हात केला. बाहेर आल्यावर ओसरीतल्या भिंतीवरच्या चौकटीकडं पुतळाबाईनं बोट केलं. काचेआड पिवळा पडलेला छापील कागद, अर्धा एका तारखांच्या तक्त्याखाली झाकलेला.

"त्ये काय लिवलंय? हितं लागल्यापासनं बगतीया. कुनी वाचत न्हाई."

दुर्गाबाईनं तक्ता हलकेच बाजूला सरकवला. खूप दिवसांत छापील वाचलं नव्हतं, अक्षरं लावत लावत पुढं गेली. कारखान्यांच्या कायद्यातली मुख्य कलमं, कामगारांना कळतील अशा भाषेत लावलेली. पिण्याचं पाणी. आठवड्याची सुट्टी. मग तिचा आवाज थांबला, आणि तीच ओळ तिनं पुन्हा वाचली. स्त्रियांसाठी स्वतंत्र, आडोशाची शौचालयं आणि मुताऱ्या कारखानदारानं बांधल्याच पाहिजेत, आणि त्या कामाच्या सगळ्या वेळात वापरता आल्या पाहिजेत.

"बांधल्याच पायजेत आसं हाय? का बांधाव्यात आसं?"

"बांधल्याच पाहिजेत."

पुतळाबाईनं पदर खांद्यावरून घट्ट ओढला. "मंजे आपुन भीक मागत न्हवतो."

पत्र दुर्गाबाईनं लिहिलं. पुण्याच्या कारखाने तपासणाऱ्या साहेबांना. पत्ता त्याच कागदाच्या तळाशी होता. दोन रात्री कच्चं लिहून खोडलं, कारण मुख्य शब्द कसा लिहावा ते सुचेना. ज्योतीराम म्हणाला, "तुझी नोकरी जाईल, बघ." मग थोड्या वेळानं कंदील तिच्याजवळ सरकवून म्हणाला, "लिही, पण नीट लिही." पत्राखाली सतरा अंगठे हवे होते. चौदा मिळाले. तिघी घाबरल्या, आणि पुतळाबाईनं त्यांना आग्रह केला नाही.

पत्र टाकून झाल्यावर पुतळाबाईनं पुढचं सांगितलं. सकाळी फाटकाशी बाया भोवती जमून ऐकत होत्या. "आजपासनं पानी प्यायचं. तासातासाला. सुमनताईनं सांगितलंय. आन् लागली की जायाचं. चिठ्ठी मागायची आन् कारन इचारलं की खरं सांगायचं."

"अर्जुनरावाला?" तानाबाईनं दचकून विचारलं.

"त्यो काय रानातनं उगावला न्हाई. त्याला बी आई हाय."

पहिली चिठ्ठी तिनंच मागितली. अर्जुनराव तिशीचा, सरळ, लाजाळू माणूस. त्यानं वही उघडली. "कारण?"

"मुताया चालले."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं काहीतरी लिहिलं, चिठ्ठी फाडून दिली. पुतळाबाई हलली नाही. मागं उभ्या दुर्गाबाईला म्हणाली, "काय लिवलंय ग?"

"खाजगी काम."

"खाजगी न्हाई, राव. कारखान्यात जागा न्हाई मनून वड्याला चालले. जे हाय त्येच लिवा."

"मावशी, वही उद्धवराव बघतात."

"बगू द्या. त्याच्यासाटीच लिवायचं."

अर्जुनराव पेन धरून बसला. तो क्षण दुर्गाबाईला पुढं कितीतरी वर्षं आठवत राहिला. शेवटी त्यानं आधीचं खोडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, लघवीस, रुळांपलीकडे. खाली आपली सही केली. त्या दिवसापासून त्यानं कारण विचारलं नाही. बाई समोर आली की तो मान खाली घालून तेवढंच लिहायचा आणि चिठ्ठी द्यायचा. दुसऱ्या दिवशी तानाबाईसुद्धा गेली.

शेडमध्ये पाण्याचा माठ नव्हता. बायांनी घरून तांबे आणले. दहाला, अकराला, बाराला त्या प्यायच्या, आणि दोघीदोघी रूळ ओलांडून ओढ्याला जायच्या. तांब्याचं पाणी कामावर पिताना सुरुवातीला त्यांना चोरी केल्यासारखं वाटे. भट्टीतून माल येत राहिला, टेबलावर हात कमी पडले, बाटल्यांचे ढीग शेडबाहेर गेले. कुणी काम नाकारलं नव्हतं. संप नव्हता, घोषणा नव्हत्या. बाया फक्त पाणी पीत होत्या.

सहाव्या दिवशी उद्धवराव शेडमध्ये आले. "आजपासून चिठ्ठ्या बंद. आणि हे असंच चाललं तर शेठ सगळ्या बाया काढून पुरुष लावतील. नीट विचार करा."

तीच भीती सगळ्यांना होती. गवराबाईच्या घरी मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं. तिनं पुतळाबाईकडं पाहिलं, पुतळाबाईनं तांब्या उचलला, प्यायली, आणि तो गवराबाईपुढं केला. गवराबाईनं घेतला.

तासाभरानं पुतळाबाई आणि दुर्गाबाई चिठ्ठीशिवाय फाटकाशी गेल्या. फाटकावर भिमाजी, लष्करातून निवृत्त झालेला, शिस्तीचा. त्यानं दांडा आडवा धरला. "हुकूम हाय, अक्का. सोडता येत न्हाई."

"भिमाजी, तुजा हुकूम तुज्यापाशी. माज्या पोटाला हुकूम कळत न्हाई. दार उगड, न्हाईतर मी हितंच बसते, ह्या तुज्या खुर्चीम्होरं. आन् मग समद्या येऊन बसतील."

ती थट्टा करत नव्हती. तिनं लुगड्याचा काठ सावरलाही होता. भिमाजीनं तिच्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं तोंड केलं आणि पाठीमागं हात नेऊन कडी काढली. पुढचे आठ दिवस तो असाच भिंतीकडं तोंड करून कडी काढत राहिला.

रूळ ओलांडताना दुर्गाबाईला हसू आवरेना. पुतळाबाई मात्र हसली नाही. ओढ्याकाठी बसल्यावर तिला उठायला वेळ लागला, आणि उठली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. तिला दुखत होतं. या सगळ्या धावपळीत तिचं स्वतःचं दुखणं सगळ्यांत जुनं आहे हे दुर्गाबाई विसरूनच गेली होती.

पुण्याचे साहेब आले ते सोमवारी, न कळवता. पांढरी पँट, स्टेशनापासून उन्हात चालत आल्यानं घामेजलेले, हातात चामडी पिशवी. उद्धवरावांनी खुर्ची दिली, सरबत मागवलं. साहेबांनी सरबत घेतलं नाही, आधी कारखाना बघू म्हणाले. बाया कामावर होत्या. साहेब शेडच्या दाराशी येऊन थांबले आणि म्हणाले, "तुमची तक्रार आली आहे. मॅनेजर म्हणतात, ऑफिसमागं शौचालय आहे, ते बायकांसाठीच ठेवलंय. खरं का?"

ऑफिसमागं एक शौचालय होतं खरं. त्याला कुलूप असे आणि किल्ली शेठच्या पाहुण्यांसाठी.

उद्धवराव म्हणाले, "वापरत नाहीत या, साहेब. खेड्यातल्या बायका, उघड्यावर जायची सवय."

दुर्गाबाईची कानशिलं तापली. लहानपणापासून दिवस उगवायच्या आधी उठून अंधारात गेलेली ती. सवय म्हणे. पण उठली ती पुतळाबाई. डोक्यावर पदर घेतला, टेबलाला वळसा घालून साहेबांसमोर येऊन उभी राहिली. नजर खाली नव्हती, आवाजही चढला नव्हता.

"सायेब, मी शिकल्याली न्हाई. माजं खरं का ह्यांचं खरं, तुमी कसं ठरवायचं? मनून आमचं राहू द्या. अर्जुनरावाची वही मागवा."

वही आली. अर्जुनरावानंच ती आणून साहेबांच्या हातात दिली, उद्धवरावांकडं न पाहता. साहेब उभ्याउभ्या पानं उलटू लागले. लघवीस, रुळांपलीकडे. लघवीस, रुळांपलीकडे. पानामागून पान, प्रत्येक ओळीला जाण्यायेण्याची वेळ, टाइमकीपरची सही. पाच दिवसांत एकशे चाळीसहून जास्त वेळा.

"ऑफिसमागं शौचालय असताना," साहेबांनी वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "या बाया अर्धा अर्धा तास रूळ ओलांडून का जातात, उद्धवराव? आणि तुमच्याच वहीत तुम्हीच हे लिहून का ठेवता?"

साहेबांनी मग पुतळाबाईला विचारलं, की पूर्वी काय करत होता. तिनं सांगितलं. नऊ तास कोरडं बसायचो. अकराजणींना आग आहे, एकीला वरचेवर ताप, मला रक्त पडतं. परक्या पुरुषासमोर, मॅनेजरसमोर, दाराशी जमलेल्या भट्टीवरच्या पन्नास पुरुषांसमोर तिनं हे एकेक शब्द ठेवून सांगितलं. त्या पुरुषांतलं कुणी हसलं नाही. एकानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. दुर्गाबाईच्या मनात आलं, लाज या बाईच्या अंगाला चिकटलीच नाही. मग तिनं पाहिलं, पाठीमागं पुतळाबाईनं पदराचं टोक बोटांभोवती घट्ट पिळून धरलं होतं.

साहेबांनी लेखी हुकूम दिला. दोन महिन्यांत बायांसाठी स्वतंत्र दोन शौचालयं, आतून कडी, पाण्याची सोय. शेडमध्ये पिण्याचं पाणी, सावलीत. तोवर ऑफिसमागच्या शौचालयाची किल्ली बायांकडं. ती किल्ली त्याच दुपारी पुतळाबाईनं गवराबाईच्या पदराच्या टोकाला बांधून टाकली, कारण तिच्याकडून हरवणार नाही असं तिचं म्हणणं.

सगळं गोड झालं असं नाही. बांधकाम दोनाऐवजी चार महिन्यांनी पुरं झालं. शेठनं दुसरी शेड काढली तिथं एकही बाई घेतली नाही. आणि पुतळाबाईची बदली झाली फुटकी काच फोडायच्या उघड्या आवारात, उन्हातलं, हात कापणारं काम. दुर्गाबाई रडवेली होऊन तिच्याकडं गेली तेव्हा ती हातोडी खाली ठेवून म्हणाली, "हितनं नवी मोरी धा पावलांवर हाय. तुमाला शेडमधनं लांब पडती. कुनाचं बरं झालं मग?"

पण आवारातही कायदा होता. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा द्यायला हवा, हे दुर्गाबाईनं त्याच पिवळ्या कागदावर शोधून काढलं, आणि या वेळी पुतळाबाईच्या आधी तीच अर्जुनरावाकडं गेली. हातमोजे आठवड्यात आले.

पावसाळा सरेपर्यंत दुर्गाबाईला एकदाही ताप आला नाही. सुमनताईनं सगळ्या अकराजणींना तपासलं. नऊजणी बऱ्या झाल्या. तानाबाईचं अंग भरलं. पुतळाबाईला मात्र मंगळवारी डॉक्टरांनी बराच वेळ बसवून घेतलं, पुण्याला पाठवून फोटो काढवला. एक मूत्रपिंड निकामी होत आलं होतं. दुसरं चांगलं आहे, जपा, म्हणाले. चार वर्षं आधी आल्या असतात तर. ती बाहेर आली आणि तिनं दुर्गाबाईला सगळं जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाली, "एक चांगलं हाय मनले. एकावर लोक लई वर्सं जगत्यात."

पुढच्या वर्षी, थंडीत, एका सुट्टीच्या दिवशी पवनेच्या काठावर पंधरावीस बाया जमल्या. पिंपरीच्या अंगाला नवीन निघालेल्या एका पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यातल्या. कुणीतरी त्यांना आकुर्डीच्या पुतळाबाईचं नाव सांगितलं होतं. पुतळाबाई दुर्गाबाईला घेऊन गेली. दुर्गाबाईला तेव्हा सातवा महिना होता. कायद्यानं मिळणाऱ्या बाळंतपणाच्या रजेचा अर्ज तिनं आदल्याच दिवशी स्वतःच्या हातानं लिहून दिला होता.

बाया खडकांवर बसल्या, पदर सारखे करत, एकमेकींकडं बघत. कुणी सुरुवात करेना. दुर्गाबाई वाट बघत राहिली, पुतळाबाई उठेल म्हणून. पुतळाबाई सावलीतल्या दगडावर टेकली आणि पाय लांब करून तिनं पाठ टेकवली.

"मावशी, बोला की."

"मी बोलले मागं. आता तू बोल."

दुर्गाबाई तांब्यातलं घोटभर पाणी प्यायली. उभी राहिली, एक हात कमरेवर ठेवून, आणि त्या अनोळखी बायांना म्हणाली, "मी पारनेरकडची. बाटल्यांच्या कारखान्यात आहे. मला दीड वर्ष लघवीला आग होती आणि ताप यायचा. मी कुणाला सांगितलं नव्हतं." तिनं तांब्या पुढच्या बाईच्या हातात दिला. "तुमच्यात कुणाला आहे?"

नदीपलीकडं कुणी बैल धूत होतं. मग मागच्या रांगेतली एक तरणी बाई, कडेवर मूल असलेली, उठून उभी राहिली.

"आमच्यातल्या सहाजणींना," ती म्हणाली. "मला धरून."